वरचा मजला रिकामा आहे : आयर्लंडमधल्या मराठी मंडळींना खुलं पत्र

मंडळी,

स. न. वि. वि.

मी राहते त्या गावाचं नाव बर. ऑफली काउंटीतलं, पाच हजारांच्या आतल्या वस्तीचं, बाजाराचं गाव. उच्चारायला इतकं सोपं नाव दुसरं नसेल, पण घरी फोनवर सांगणं महाकठीण. "कुठे असतेस गं हल्ली?" "बरला." "बरं, पण कुठे?" हा संवाद माझ्या आईबरोबर पहिलं वर्षभर चालला.

पत्राचं निमित्त गेल्या गणपतीतलं. डब्लिनला आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत माझ्यापुढे एक तरुण जोडपं होतं. दोघंही नोकरीला, दोन वर्षं घर शोधत होते. मी बरची म्हटल्यावर तो म्हणाला, "आलो होतो की तुमच्याकडे घर बघायला. पण मेन स्ट्रीटवर खाली दुकानं आणि वरच्या खिडक्या सगळ्या अंधाऱ्या. साधे पडदेसुद्धा नाहीत. भुताचं गाव वाटलं हो." त्यांनी मग दुसरीकडे, गावाबाहेरच्या शेतात उठणाऱ्या नव्या इस्टेटीत, म्हणजे घरांच्या वसाहतीत, घर बुक केलं. वर म्हणतो, "खरं सांगू का ताई, ही जुनी घरं पाडून फ्लॅट बांधायला हवेत." माझ्या एका हातात मोदक आणि दुसऱ्या हातात लेक होती, म्हणून वाद राहून गेला. तो इथे घालते.

त्याने पाहिलं ते मात्र खोटं नव्हतं. आमच्याच नव्हे, आयर्लंडच्या कुठल्याही बाजाराच्या गावात संध्याकाळी फिरा, तळमजल्यावर उजेड आणि वर काळोख. कारण मला इथे आल्यावर तीन वर्षांनी कळलं. एकोणिसाव्या शतकात दुकानदार दुकानाच्या वरच राहायचा, त्यामुळे रस्त्यावर दोन दारं असायची, एक गिऱ्हाइकाचं आणि एक घरच्यांचं. पुढे दुकानदार बंगल्यात राहायला गेला, दुकानाला रुंद काच हवी झाली, तेव्हा घरच्यांचं दार बुजवून ती जागा दुकानात घेतली. आता वर जायचं तर जिना दुकानाच्या आतून. औषधाच्या दुकानातून भाडेकरू रात्री अकराला वर कसा जाणार? शिवाय आग लागली तर सुटायची वेगळी वाट लागते, तिचा दाखला लागतो. मालक म्हणतो, जाऊ दे, खालचं भाडं येतंय ना. मग छताची एक स्लेट सरकते, पन्हळीत एक झुडूप उगवतं आणि वर कोणीच राहत नसल्यामुळे पाणी खालच्या दुकानापर्यंत उतरेस्तोवर कोणाला पत्ता लागत नाही. २०२२ च्या जनगणनेत या देशात १ लाख ६६ हजार ७५२ घरं रिकामी सापडली. आणि आपण मोदकाच्या रांगेत उभे राहून घर मिळत नाही म्हणून रडतो.

मी स्वतः अशाच एका वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. आमच्या इमारतीचं दुसरं दार नशिबाने वाचलेलं आहे. राहायला आले तेव्हा बैठकीच्या खोलीतली खिडकी वर सरकवली की धाडकन खाली यायची. ही वरखाली सरकणारी खिडकी, दोन तावदानं एकमेकांमागे. मी दोन उन्हाळे ती लाटणं लावून उघडी ठेवली. मालकाचं म्हणणं, काढून पीव्हीसीची बसवू. मग एक म्हातारा सुतार आला, सत्तरी ओलांडलेला. त्याने चौकटीच्या कडेची एक फळी अलगद काढली, आत हात घातला आणि बाहेर काढलं एक लोखंडी वजन, हुबेहूब माझ्या लाटण्याएवढं. "हे बघ," म्हणाला, "खिडकी बिघडलेली नाही, दोरी कुजलीय." प्रत्येक तावदानाला दोन्ही बाजूंनी अशी वजनं दोरीने टांगलेली असतात, वर कप्पी असते, आणि तावदानाचं वजन व लोखंडाचं वजन सारखं म्हणून खिडकी जिथे सोडाल तिथे थांबते. नवी सुती दोरी ओवून त्याने पाऊण तासात चारही वजनं जागेवर टांगली. काच जुनीच ठेवली. ती जराशी लहरी आहे. तिच्यातून समोरचा दिवा बघताना मान हलवली की दिवा पाण्यात असल्यासारखा हलतो. लेकीला तेवढ्यावर अर्धा तास खेळवता येतं.

"जुन्या घरात ओल असते" हा दुसरा आक्षेप. असते. पण का, ते बघा. या भिंती दगडाच्या, चुन्यात बांधलेल्या, हात-दीड हात जाडीच्या. माझे आजोबा वाईला चुन्याच्या घाण्याबद्दल सांगायचे. बैल दगडी चाक फिरवतोय, चुना आणि वाळू मळली जातेय. इथल्या गवंड्याच्या तोंडी चुन्याचं कौतुक ऐकलं तेव्हा मला क्षणभर आजोबाच आठवले. चुन्याची भिंत पाऊस थोडा पिते आणि वारा आला की परत देते. गेल्या पन्नास-साठ वर्षांत लोकांनी बाहेरून सिमेंटचा गिलावा थापला, आतून रबरी रंग मारला. आता प्यालेलं पाणी जाणार कुठे? ते आत झिरपतं, पोपडे येतात, आणि घर तपासायला आलेला सर्व्हेअर अहवालात लिहितो, भिंतीत ओल. आमच्या मागच्या भिंतीवरचं सिमेंट काढून चुना लावला, फुटकी पन्हळ बदलली, आणि पुढच्या दुसऱ्या हिवाळ्यात कपाटामागचा बुरशीचा वास गेला. थंडी मात्र आहे. ती नाकारून मी तुम्हाला फसवणार नाही. उंच छताच्या खोलीत जानेवारीत मी शाल पांघरूनच चहा पिते.

आता गावाबद्दल. बरचं मूळ जुनं आहे, पण आज डोळ्यांना दिसतं ते बहुतेक पार्सन्स घराण्याने आखलेलं. १६२० पासून हे घराणं इथल्या किल्ल्यात आहे, आजही राहतं. इंग्रजी अमदानीत गावाचं नावच पार्सन्सटाउन होतं. मधल्या चौकात १७४७ सालचा एक उंच खांब आहे. त्यावर ड्यूक ऑफ कंबरलंड या इंग्रज राजपुत्राचा पुतळा होता, तो १९१५ मध्ये उतरवला. पुढे चौकाला रॉबर्ट एमेट या आयरिश क्रांतिकारकाचं नाव दिलं. खांब तसाच, वर कोणी नाही. आपल्याकडे असता तर एव्हाना दुसरा कोणीतरी वर चढला असता आणि कोणाला चढवायचं यावरून गावात दोन तट पडले असते.

त्या चौकातून किल्ल्याच्या फाटकाकडे गेलात की ऑक्समंटाउन मॉल लागतो. मॉल म्हणजे दुकानांचा नव्हे, झाडांच्या सावलीतला रस्ता. एका टोकाला किल्ल्याचं दार, दुसऱ्या टोकाला चर्च, मध्ये एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांतल्या घरांची ओळ. भिंती साध्या, सपाट, नक्षी जवळजवळ नाहीच. घरमालकाने सगळा खर्च दारावर केलेला. दारावर अर्धगोल काच, पंखा उघडावा तशी पसरलेली, तिच्यात शिशाच्या बारीक काड्या. प्रत्येक घराचा पंखा वेगळा. तिकडे जॉन्स मॉलला एक छोटं ग्रीक देऊळ वाटावं असं सभागृह आहे, खांबबिंब सगळं, आणि जवळच पार्सन्स घराण्यातल्या तिसऱ्या अर्लचा पुतळा. अर्ल म्हणजे सरदारकीचा किताब.

हा तिसरा अर्ल, विल्यम पार्सन्स, माझा आवडता माणूस. १८४५ मध्ये त्याने किल्ल्याच्या बागेत जगातली सर्वांत मोठी दुर्बीण उभी केली. आरसा ७२ इंच व्यासाचा, तांबं आणि कथील यांच्या मिश्रधातूचा, वजन तीन टनांच्या घरात. भट्टी पेटवली ती इथल्या पीटवर, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीच्या विटांवर. लोहार, सुतार, गवंडी सगळे याच गावचे, अर्लनेच शिकवून तयार केलेले. पन्नास फुटांहून लांब नळी दोन दगडी भिंतींच्या मध्ये साखळ्यांनी टांगलेली. कोणी पाहिलं तर किल्ल्याचा बुरूज वाटावा. त्याच वर्षी त्याने एका तेजोमेघाचं चित्र काढलं आणि त्यात भोवऱ्यासारखे पीळ दाखवले. आकाशातल्या कशाला तरी असा सर्पिल आकार आहे हे माणसाला पहिल्यांदा इथून दिसलं, आमच्या या ढगाळ गावातून. हे मला अजून खरं वाटत नाही. वर्षातल्या किती रात्री आभाळ मोकळं असेल? १९१७ मध्ये अमेरिकेत माउंट विल्सनची दुर्बीण आली तोवर हीच सर्वांत मोठी होती. दुर्बिणी घडवण्याची विद्या त्या काळी आयर्लंडमध्ये अशी मुरलेली होती की पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेतली वीस इंची दुर्बीणसुद्धा डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यातून आली होती.

त्या दुर्बिणीचं पुढे काय झालं ते मला सांगायचंय. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती मोडून पडली, आरसा लंडनच्या संग्रहालयात गेला, भिंती तेवढ्या उरल्या. ऐंशी-पंच्याऐंशी वर्षं कोणीही म्हणू शकलं असतं, पाडा त्या भिंती, काय करायच्यात. १९९६-९७ मध्ये त्याच भिंतींमध्ये दुर्बीण पुन्हा उभी राहिली, १९९९ मध्ये नवा ॲल्युमिनियमचा आरसा बसला. आज गावात येणारा पाहुणा आधी तिथे जातो आणि मग चौकात जेवतो. भिंती पाडल्या असत्या तर साखळ्या कशाला टांगल्या असत्या?

मेरी या त्याच्या पत्नीचाही उल्लेख करते, कारण पुतळा तिचा नाही. यॉर्कशरच्या घरची श्रीमंती तिने आणली, तिच्यावर दुर्बीण उभी राहिली. ती स्वतः छायाचित्रणातली सुरुवातीच्या काळातली कसबी बाई. १८४५ नंतर आयर्लंडमध्ये मोठा दुष्काळ पडला तेव्हा किल्ल्याभोवती खंदक खणायचं काम काढून या नवरा-बायकोने गावातल्या हातांना मजुरी दिली. माझ्या आजीने बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली होती. तो खंदक मी तिला व्हिडिओ कॉलवर दाखवला. ती म्हणाली, "म्हणजे दुष्काळी काम." तिला त्यापुढे काही समजावून सांगावं लागलं नाही.

पण सगळ्यांच्या वाट्याला खंदक नव्हता. गावाच्या कडेला वर्कहाऊस आहे, १८४२ मध्ये उघडलेलं. जॉर्ज विल्किन्सन नावाच्या वास्तुविशारदाने एका साच्यातून देशभर १३० वर्कहाऊसं काढली, त्यातलं हे एक. वर्कहाऊस म्हणजे ज्याच्याकडे काहीच उरलं नाही त्याने दार ठोठवायची शेवटची जागा. आत गेलं की कुटुंब मोडायचं, बाप एका अंगाला, आई दुसऱ्या, मुलगे वेगळे, मुली वेगळ्या. काटकसर म्हणून भिंतींना गिलावा नाही, नुसता चुन्याचा हात. पलंग नाहीत, जमिनीपासून जरा उंच केलेल्या फळ्यांवर पेंढ्याच्या गाद्या. उघडल्यावर तीनच वर्षांत बटाट्यावर करपा पडला आणि अशा इमारतींत मावणार नाहीत एवढी माणसं आली.

मी नर्स आहे. ज्या इस्पितळात काम करते त्याची एक जुनी इमारत मूळची वर्कहाऊसचीच. नाव सांगत नाही, आयर्लंडमध्ये अशी बरीच आहेत. एकदा एका नव्वदीच्या आजींना एक्स-रे साठी त्या बाजूने न्यायचं होतं. दारापाशी त्यांनी माझं मनगट धरलं. "इथून नको गं." मला वाटलं थंडी वाजतेय. सोबतच्या आयरिश सिस्टरने मुकाट्याने खुर्ची वळवली आणि लांबच्या वाटेने नेली. नंतर म्हणाली, त्यांच्या आईने त्यांना लहानपणी सांगून ठेवलेलं असेल. दीडशेहून अधिक वर्षांनी एक इमारत माणसाच्या हाताला असा कंप देते. आमच्या गावचं वर्कहाऊस ओस पडलंय, छपराला भोकं आहेत. माझं मत गावात सगळ्यांना पटत नाही, पण मला वाटतं किल्ल्याआधी त्याला छप्पर मिळायला हवं. किल्ल्याला वारस आहेत.

आता तुम्ही विचाराल, हा सगळा त्यांचा इतिहास, त्यांनी सांभाळावा. आपला काय संबंध? मीही चार वर्षं असंच म्हणत होते. मग एका रविवारी लेकीला सायकल शिकवायला क्रिंकिलला गेले. बरला चिकटूनच आहे. तिथे १८०९ ते १८१२ मध्ये बांधलेल्या लष्करी छावणीची लांबच लांब दगडी भिंत उभी आहे. आत काही नाही. जुलै १९२२ मध्ये, यादवी चालू असताना, ती जाळली गेली. १८८१ पासून ही लिन्स्टर रेजिमेंटची छावणी. ही रेजिमेंट बनली दोन पलटणी जोडून. एक कॅनडात उभी राहिलेली १०० वी. आणि दुसरी १०९ वी, तिचं नाव बॉम्बे इन्फन्ट्री.

मी सायकल सोडून दिली, म्हणजे लेक पडली. घरी येऊन वाचत बसले. १०९ वी म्हणजे मुळात कंपनी सरकारच्या मुंबई फौजेतली तिसरी युरोपियन पलटण, १८५३ मध्ये उभारलेली. सर ह्यू रोज सत्तावन्नचं बंड मोडायला मध्य भारतात निघाला, त्याच्या फौजेत ही होती. एप्रिल १८५८ च्या सुरुवातीला झाशीच्या तटाला शिड्या लागल्या तिथे ही होती. लिन्स्टर रेजिमेंटच्या निशाणावर पुढे "सेंट्रल इंडिया" हा मान कायम राहिला. म्हणजे ज्या तांब्यांच्या मनूचा धडा मी चौथीत घडाघडा म्हणून दाखवला होता, तिच्या शहरावर चढलेल्या पलटणीचं घर माझ्या घरापासून चालत अर्ध्या तासावर.

काय वाटायला हवं होतं, मला कळेना. राग आला, खोटं कशाला बोलू. मग दुसरीही गोष्ट डोक्यात आली. कंपनीच्या गोऱ्या पलटणींत आयरिश पोरांचा भरणा मोठा असे, आणि १८५३ म्हणजे दुष्काळ ओसरून काही वर्षंच झालेली. वर्कहाऊसच्या फळीवर झोपण्यापेक्षा ज्याने मुंबईचं जहाज धरलं असेल, असा कोणी झाशीच्या शिडीवर नसेल कशावरून? ती भिंत पडावी असं मला वाटत नाही. लेकीला मी तिथे उभं करून दोन्ही गोष्टी सांगते. पुस्तकातून सांगितल्या असत्या तर तिने जांभई दिली असती.

काही इमारतींचं इथे छान चाललंयही. मर्सी सिस्टर्सचं कॉन्व्हेंट, पुगिन या नामांकित वास्तुविशारदाच्या आराखड्यावरचं, आता गावचं ग्रंथालय आहे. बाहेर पाऊस असला की शनिवारी आम्ही तिथेच. उंच टोकदार खिडक्यांखाली मुलं जमिनीवर पसरून कॉमिक्स वाचतात. १८८०च्या दशकाच्या अखेरचा ऑक्समंटाउन हॉल आता नाट्यगृह आहे. जुनी वास्तू नव्या कामाला लावणं या गावाला जमतं, फक्त ते सार्वजनिक इमारतींपाशी थांबतं. दुकानावरच्या मजल्यांना ना अर्ल आहे ना ग्रंथपाल.

आणि राखण नसली की काय होतं, त्याची एक गंमत इथली प्रसिद्ध आहे. बर ते पोर्टुम्ना पूल अशी बारा मैलांची रेल्वे १८६८ मध्ये सुरू झाली आणि दहाच वर्षांत बंद पडली. लाइन बेवारस. लोकांनी आधी रूळ नेले, मग स्लीपर, मग पुलाचं लोखंड, शेवटी स्टेशनचं बांधकामसुद्धा. अख्खी रेल्वे चोरीला गेली. आज हसायला येतं. पण रिकाम्या घरांतून आजही तसंच जातं. आधी छताचं शिसं, मग संगमरवरी शेकोटी, मग दारावरचा तो काचेचा पंखा. एकेक नग, सावकाश.

आता मुद्द्याचं. तुमच्याकडे मागणं आहे, म्हणून तर हे लांबण.

पहिलं, तुम्हाला मत आहे. निम्म्या मंडळींना हे माहीतच नाही. स्थानिक निवडणुकीला आयरिश पासपोर्ट लागत नाही. अठरा वर्षं पूर्ण आणि इथे राहता, एवढं पुरे. उभंही राहता येतं. २०२४ ची निवडणूक गेली, दर पाच वर्षांनी येते, पण मतदारयादीत नाव आजच घालता येतं. २०१४ मध्ये देशभरातल्या टाउन कौन्सिल बंद झाल्या, आमचीही. आता आमच्या मेन स्ट्रीटचे निर्णय काउंटीच्या मुख्य गावी, टलामोरला होतात. तिथल्या नगरसेवकाला दारावर आल्यावर "रस्त्यातले खड्डे कधी बुजवणार" इतकंच विचारू नका. "अमुक नंबरच्या घराचा वरचा मजला दहा वर्षं रिकामा का आहे" हेही विचारा. डेरेलिक्ट, म्हणजे मोडकळीला आलेल्या, जागेवर बाजारभावाच्या ७ टक्के वार्षिक लेव्ही, म्हणजे कर, लावायचा अधिकार कौन्सिलला कायद्याने आहे. ती किती जणांकडून खरोखर वसूल होते, हेही विचारायला हरकत नाही.

दुसरं, लिहा. काउंटीचा विकास आराखडा बनतो तेव्हा मसुद्यावर कोणीही सूचना पाठवू शकतं, फुकट. एखाद्या प्लॅनिंग अर्जावर, म्हणजे बांधकाम परवानगीच्या अर्जावर, म्हणणं मांडायचं तर २० युरो आणि अर्ज आल्यापासून पाच आठवडे. इंग्रजी फर्डं असावं लागत नाही. मी पहिल्यांदा लिहिलं ते एका दुकानाच्या पाटीबद्दल. जुनी हाताने रंगवलेली लाकडी पाटी काढून प्लास्टिकची लावणार होते. चार ओळी लिहिल्या होत्या, कौन्सिलकडून उत्तर आलं, बाजारात त्या दुकानदाराने आठवडाभर माझ्याशी बोलणं टाकलं आणि आठव्या दिवशी स्वतःच हसला. पाटी आहे अजून.

तिसरं, घर बुक करण्याआधी एक जुनं घर आतून बघा. २००७ पर्यंत बांधलेलं आणि किमान दोन वर्षं रिकामं असेल तर दुरुस्तीला सरकारी ग्रँट आहे, ५० हजार युरोपर्यंत, आणि डेरेलिक्ट, बांधकामच धोकादायक झालेलं असेल तर ७० हजारांपर्यंत. यातली मेख आधीच सांगते. पैसे काम झाल्यावर मिळतात, आधी स्वतःचे किंवा उसने घालावे लागतात. पाच वर्षांच्या आत विकलं तर सगळी ग्रँट परत. घर संरक्षित यादीत असेल तर काय बदलता येईल याला मर्यादा येतात, पण नेमकं कशाला परवानगी लागते याचा लेखी खुलासा कौन्सिलकडून मागता येतो. तो आधी मागा, खिडकी नंतर उचका. आणि सर्व्हेअर असा शोधा ज्याने आयुष्यात चुना हातात धरलाय. नव्या घरांचा सर्व्हेअर भिंतीला ओल मोजायचं ते टोचायचं यंत्र लावतो, आकडा बघून घाबरतो आणि तुम्हालाही घाबरवतो.

सगळ्यांना हे झेपणार नाही. लहान मूल, रात्रपाळी, व्हिसाची टांगती तलवार, त्यात छप्पर उघडं टाकून बसायचं, हे मी कोणाला सांगू? माझं स्वतःचं घर अजून भाड्याचंच आहे. आमच्याही चार अर्जांची, बँकेने नाकारलेल्या दोन कर्जांची फाइल कपाटात आहे. पण आपल्यात अशीही मंडळी आहेत जी हाताने काम करतात, सिव्हिल शिकलेली आहेत, ज्यांनी गावी वाडा पडताना पाहिलाय आणि तेव्हा हातात काही नव्हतं म्हणून गप्प बसलीत. हे पत्र मुख्यतः त्यांना.

त्या प्रसादाच्या रांगेतल्या दोघांना विशेष निमंत्रण. तुमचं घर नवं, त्याचा आनंद आहेच. पण ऑगस्टमध्ये आमच्याकडे व्हिंटेज वीक असतो, गाव जरा नटलेलं असतं, तेव्हा या. रविवारी सकाळी पोहे करीन, मग वर्कहाऊसपासून क्रिंकिलच्या भिंतीपर्यंत पायी फिरू. एमेट चौकात उतरलात की फोन करा. आमच्या दाराची घंटा चालत नाही. मी खिडकी वर सरकवून किल्ली खाली टाकते, झेलायची तयारी ठेवा. खिडकी आता लाटण्याशिवाय वर राहते.

तुमची,
बरच्या मेन स्ट्रीटवर, दुकानाच्या वर राहणारी एक नर्स